रस्ता चुकण्याची टेस्ट नागपुरात यावी, पण आधी मेडिकलच्या ओपीडीत

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश अगदी सुरुवातीलाच ओळखायला आता व्हर्च्युअल रिॲलिटीची टेस्ट निघाली आहे हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल, डोळ्यावर हेडसेट चढवायचा, समोर एक मैदान दिसतं, त्यात चालायचं आणि परत सुरुवातीच्या जागेवर येता येतं का ते बघायचं. ही बातमी आपल्याकडेही फिरून राहिली आहे आणि ओळखीचे लोक विचारून राहिले आहेत की नागपुरात कुठे होते, किती घेतात, बाबांना नेऊन आणायचं आहे. ह्या प्रश्नामागची काळजी मला कळते, ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला त्यांच्या मनातून त्याची भीती जात नाही. म्हणूनच ह्यावर घाईत नको, नीट बोलायला पाहिजे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ह्या टेस्टमागचं सायन्स पक्कं आहे, आणि जिथे कितीतरी आज्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही अशा आपल्या विदर्भात तर ती लंडनपेक्षा जास्त कामाची ठरू शकते. म्हणून ती यायलाच पाहिजे. पण ती यायला पाहिजे मेडिकल, मेयो, एम्स ह्या इथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या ओपीडीत, काही तक्रार घेऊन आलेल्या माणसासाठी, आणि इथल्या लोकांवर आधी तपासून. ती जर पहिल्यांदा 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमधून आपल्यापर्यंत आली, तर जितक्या लोकांचं भलं होईल त्याच्यापेक्षा जास्त लोकांची झोप उडेल.

आधी टेस्ट काय आहे ते समजून घेऊ. मे महिन्यात रात्री लाइट गेली आहे, काळाकुट्ट अंधार आहे, तुम्ही पलंगावरून उठता, भिंत न धरता किचनमध्ये जाता, माठातलं पाणी पिता आणि परत पलंगापाशी येता. दिसत काहीच नाही, तरी किती पावलं आलो, कुठे वळलो, पलंग आता कोणत्या बाजूला राहिला, हा हिशोब डोकं आपोआप ठेवत असतं. ह्याला पाथ इंटिग्रेशन म्हणतात. हा हिशोब करण्यात मेंदूच्या ज्या भागाचा मोठा वाटा आहे तो कानाच्या पातळीवर आत खोल असतो, त्याचं नाव एंटोरायनल कॉर्टेक्स, आणि त्याला लागूनच आठवणींसाठी प्रसिद्ध असलेला हिप्पोकॅम्पस. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की ज्या उंदीर एका ठराविक जागेवर आला की पेटतात, आणि २००५ मध्ये नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर ह्या जोडप्याला एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये ग्रिड पेशी सापडल्या, म्हणजे मेंदूने स्वतःसाठी आखलेला जणू आलेखाचा कागदच. २०१४ चं नोबेल ह्या तिघांना मिळालं.

आता दुसरी गोष्ट. १९९१ मध्ये ब्राक ह्या जर्मन पतीपत्नींनी मेलेल्या लोकांचे मेंदू तपासून दाखवलं की अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, टाऊ नावाच्या प्रोटीनच्या गुंतवळी कुठेही कशाही होत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि सुरुवात होते ती एंटोरायनल भागापासून. तिथून हिप्पोकॅम्पस, मग बाकीचा मेंदू. मेंदूत हे सगळं बाहेर काही दिसायच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासून सुरू असतं. ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की टेस्टची कल्पना आपोआप सुचते, आजार जिथून सुरू होतो त्या भागाचं जे काम आहे तेच तपासून बघा ना, कशाला थांबायचं माणूस नातवाचं नाव विसरेपर्यंत.

केंब्रिजमध्ये डेनिस चॅन आणि त्यांच्या टीमने नेमकं हेच केलं आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणजे विसरणं वाढलंय पण रोजचे व्यवहार अजून जमतात अशा ४५ लोकांना आणि ४१ ठणठणीत लोकांना त्यांनी हेडसेट लावून चालवलं. मैदानात एका पाठोपाठ एक असे तीन कोन, आपल्याकडे ट्रॅफिक पोलीस रस्त्यावर ठेवतात तसे, पहिल्यापाशी जा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि आता पहिला कोन जिथे होता तिथे परत जा, पण तो कोन आता दिसत नाही. कधी जमिनीवरच्या खुणा गायब, कधी दूरचं क्षितिज गायब. माणूस मूळ जागेपासून किती लांब थांबला एवढंच मोजायचं. पेशंटपैकी २६ जणांच्या मणक्यातलं पाणी आधीच तपासलेलं होतं, त्यातल्या १२ जणांत अल्झायमरच्या खुणा होत्या, आणि सगळ्यात जास्त चुकले ते हेच. नेहमीच्या कागद-पेन्सिलच्या टेस्टपेक्षा ह्या टेस्टने त्यांना जास्त चांगलं वेगळं काढलं. पुढे २०२४ मध्ये ४३ ते ६६ वयाच्या, काहीच तक्रार नसलेल्या १०० लोकांवरचा अभ्यास आला, ज्यांना पुढे अल्झायमर व्हायची रिस्क जास्त होती त्यांचं पाथ इंटिग्रेशन कमी पडत होतं. रिस्क म्हणजे आजार नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा, ह्या एका वाक्यावर पुढचा बराचसा लेख उभा आहे.

हे आपल्या कामाचं का, तर आपल्याकडे डिमेन्शियाची तपासणी अजूनही शाळेच्या पेपरसारखी होते. आज कोणता वार, कोणती तारीख, १०० मधून ७ वजा करत जा, हे वाक्य वाचा आणि तसं करा, एक वाक्य लिहून दाखवा, हे दोन पंचकोन आहेत तसे काढा. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या टेस्टचा हा साचा आहे. आता काटोलच्या पुढच्या खेड्यातली आजी, सगळं आयुष्य वावरात गेलेलं, पेन्सिल कधी हातात धरलेली नाही, तिला पंचकोन काढायला सांगितला तर ती काय काढणार. तिचा मेंदू उत्तम असेल तरी मार्क कमी. आणि रिटायर झालेले हेडमास्तर, आतून आजार सुरू झालेला असला तरी १०० मधून ७ खाडखाड वजा करून दाखवतील, कारण ते चाळीस वर्षं तेच करत आले. डॉक्टरांनाही ही अडचण माहीत आहे, म्हणूनच हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर लोकांसाठी १९९५ च्या सुमारास हिंदीतून वेगळी टेस्ट बनवली गेली, आणि आयसीएमआरनेही पुढे भारतीय भाषांसाठी टूलबॉक्स तयार केला. पण भाषा बदलली तरी परीक्षा ती परीक्षाच राहते, शाळेत न गेलेला माणूस तिथे घाबरतो.

आणि नेमका ह्याच लोकांत आजार जास्त आहे. देशभरात झालेल्या लासी-डॅड अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले, ६० वर्षांवरच्या लोकांत ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यांत ८.४, शहरांत ५.३. म्हणजे ज्या खेड्यातल्या बाईला आपली कागदी टेस्ट सगळ्यात वाईट मोजते तिलाच ह्या आजाराचा धोका सगळ्यात जास्त. तिला 'ह्या खांबापाशी जा, मग त्या खांबापाशी जा, आता जिथून निघाली होतीस तिथे परत ये' एवढंच सांगायचं असेल तर ना अक्षर लागतं ना पाढे. म्हणून मी म्हणतो की ही टेस्ट आपल्याला हवीच आहे.

पण इथेच थांबून एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रस्ता सापडणं हे पण काही सगळ्यांना सारखं मिळालेलं नसतं. सी हिरो क्वेस्ट नावाचा एक मोबाइल गेम २०१६ मध्ये आला होता, लंडनचे ह्यूगो स्पायर्स आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी मुद्दाम संशोधनासाठी बनवून घेतलेला, नकाशा बघायचा आणि मग बोट चालवत ठरलेल्या जागी पोचायचं. जगभरात ४० लाखांवर लोक खेळले. त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, २०२२ च्या अभ्यासात दिसलं की जे लोक शिकागोसारख्या आखीवरेखीव, सरळ काटकोनी रस्त्यांच्या शहरात लहानाचे मोठे झाले ते सरासरीने रस्ता शोधण्यात कमी पडतात आणि खेड्यात, मोकळ्या भागात वाढलेले जास्त चांगले असतात. दुसरी, त्याआधी २०१८ मध्येच दिसलं होतं की बाई आणि पुरुष यांच्या स्कोअरमधला फरक सगळ्या देशांत सारखा नसतो, जिथे बाईला कमी संधी तिथे तो फरक मोठा.

आता हे नागपूरला लावून बघा. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्तीत वाढलेला माणूस, जिथे गल्लीतून गल्ली फुटते आणि किराणा ओळीतून निघून गांधीबागेत कुठून बाहेर पडू ते डोक्यात ठेवावं लागतं, आणि धरमपेठेच्या सरळ रस्त्यांवर वाढलेला माणूस, ह्या दोघांचं डोकं लहानपणापासून वेगळ्या रस्त्यांवर तयार झालं. आणि बायकांचं तर काय सांगायचं. आपल्या आई-आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका आयुष्यभर कोणाच्या तरी मागे गाडीवर बसून फिरल्या, माहेरी जायचं तर भाऊ न्यायला येणार, बर्डीला जायचं तर जाऊबाई सोबत, रस्ता लक्षात ठेवायची वेळच त्यांच्यावर कोणी येऊ दिली नाही. अशा बाईने हेडसेटमध्ये रस्ता चुकवला तर ते तिच्या मेंदूतलं टाऊ आहे की तिला कधी एकटीने बाहेर जाऊ दिलं नाही त्याचा परिणाम आहे, हे केंब्रिजच्या ४१ लोकांशी तुलना करून कळणार नाही. कोणी म्हणेल की गेममध्ये नकाशा बघून बोट हाकणं वेगळं आणि पाथ इंटिग्रेशन वेगळं, ते जास्त मूळचं आहे, सवयीचा त्यात कमी संबंध. ठीक आहे, तसं असू शकतं, मलाही तसंच असावं असं वाटतं, पण ते इथे मोजून दाखवा ना मग. न मोजता मानून चालणं म्हणजे कागदी टेस्टच्या वेळी जी चूक झाली तीच परत हेडसेट लावून करणं.

उलट्या बाजूने पण होतं. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असतो हे २००० मध्येच दाखवलं गेलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदींवरून असं दिसलं की टॅक्सी आणि ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्यांमध्ये अल्झायमरने मेलेल्यांचं प्रमाण कमी आहे. त्यावरून लगेच काही सिद्ध होत नाही, पण आयुष्यभर नागपूर पालथं घालणाऱ्या आपल्या ऑटोवाल्या भाऊंना आजार सुरू झाला तरी ते टेस्टमध्ये पास होऊन जातील आणि घरचे निर्धास्त राहतील, हा धोकाही तितकाच खरा आहे.

बाकी अडचणी साध्या आहेत पण सुटण्यासारख्या आहेत. मोतीबिंदू, जाड चष्मा, हेडसेटने येणारी चक्कर, आणि सत्तरीतल्या किती जणांचे गुडघे त्या खोलीत भराभर चालू देतील हा प्रश्न. कानाने ऐकू न येणाऱ्याला सूचना नीट समजली का ते बघायला मराठी, वऱ्हाडी, हिंदी, गोंडी बोलणारा माणूस समोर पाहिजे, रेकॉर्ड केलेला आवाज नाही चालणार.

आता पॅकेजवाल्यांकडे येऊ. हिशोब करून बघा, आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. समजा १००० धडधाकट लोकांची टेस्ट केली, त्यातल्या ५० जणांत खरंच आजाराची सुरुवात आहे. टेस्ट खूप चांगली आहे असं धरू, १०० आजारी असतील तर ९० पकडते आणि १०० निरोगी असतील तर ९० जणांना बरोबर निरोगी म्हणते. मग ५० पैकी ४५ पकडले गेले, छान. पण उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी ९५ जणांच्या हातातही 'गडबड आहे' असा रिपोर्ट पडला. म्हणजे १४० लोक घाबरून घरी गेले आणि त्यातल्या फक्त ४५ जणांना खरंच काही आहे, तीनात एक पण नाही. हाच हिशोब तक्रार घेऊन आलेल्या लोकांवर केला, जिथे अर्ध्या लोकांत खरंच आजार आहे, तर तीच टेस्ट दहापैकी नऊ वेळा बरोबर निघते. मशीन तेच, हेडसेट तोच, फक्त कोणाला लावला यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून मॉलमधल्या कॅम्पमध्ये, सोसायटीच्या वर्धापनदिनाला, साठीच्या वाढदिवसाला मुलांनी गिफ्ट म्हणून दिलेल्या पॅकेजमध्ये ही टेस्ट नको.

आणि चुकीच्या रिपोर्टचं नुकसान फक्त भीतीचं नसतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या नावावर प्लॉट असतो, घर असतं, गावाकडचं वावर असतं. 'बाबांना भ्रम होऊन राहिला' हे वाक्य एकदा घरात बोललं गेलं की बाबांच्या प्रत्येक 'नाही' ला किंमत राहत नाही. हेल्थ इन्शुरन्सच्या फॉर्मवर ते आधीचा आजार म्हणून जाईल की नाही याचीही चिंता. त्यामुळे रिपोर्ट कोणाच्या हातात जाणार, पेशंटच्या की मुलाच्या, हे टेस्ट सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. माझं मत, आधी पेशंटच्याच हातात.

ह्यावर लोक विचारतात, आणि ते अगदी योग्य विचारतात, की मग कळून उपयोग काय, औषध तर नाहीच. पूर्ण बरं करणारं औषध नाही, खरं आहे. लेकॅनेमॅब नावाचं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, ट्रायलमध्ये दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंद झाली, ते पण अगदी सुरुवातीच्या पेशंटमध्ये, सलाइनमधून, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी घ्यायचं, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे बघायला वरचेवर एमआरआय काढायचे. सर्वसाधारण घराला हे कधी झेपेल माहीत नाही. तरीही मी ठामपणे सांगतो की लवकर कळण्याचा उपयोग आहे, आणि औषधापेक्षा दुसऱ्या कारणांसाठी जास्त आहे.

आमच्या लेआउटमध्ये एक काकाजी होते, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. सकाळी मंदिर, मग दूध, मग पेपर, सगळं ठरलेल्या रस्त्याने. ओळखीच्या रस्त्यावर पाय सवयीने चालतात, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मग पाइपलाइनसाठी तो रस्ता खोदला गेला आणि मागच्या गल्लीतून वळून यावं लागायला लागलं, तर काकाजी भलतीकडेच निघून जायचे, कोणीतरी ओळखीचं घरी आणून सोडायचं. घरात रोज भांडण. मुलगा म्हणायचा, बाबा तुमचं लक्ष कुठे असतं. काकू म्हणायच्या, अहो लोक काय म्हणतील. त्यांना वाटायचं काकाजी हट्टाने करून राहिले. साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून दिलं. पुढे जेव्हा निदान झालं तेव्हा मुलगा फार रडला, कारण जी वर्षं बापाला जपायची होती ती रागावण्यात गेली. आणि तोवर काकाजी सही करण्याच्या स्थितीत राहिले नव्हते, बँकेचं खातं एकट्याच्या नावावर, घराला वारस लावलेला नाही, पेन्शन खात्यात पडून आणि औषधाला पैसे उधार. असं झालं की कायदेशीर पालक नेमून घ्यायला अनेकदा हायकोर्टापर्यंत जावं लागतं. दोन-तीन वर्षं आधी कळलं असतं तर काकाजींनी स्वतः बसून सगळं केलं असतं, ते हिशोबाला फार पक्के होते. मृत्युपत्र, जॉइंट खातं, नॉमिनी, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क, की पुढे माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि माझ्या वतीने कोणी ठरवावं हे मी आजच लिहून ठेवतो. हे सगळं शुद्धीत असतानाच करता येतं.

आणि रस्ता चुकणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतोच. बी-१२ कमी असणं, जे शाकाहारी घरांत सर्रास सापडतं, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, महिन्याभरापूर्वी पडून डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, ह्या सगळ्यांनी माणूस असाच गोंधळतो आणि ह्यातलं बरंच काही उपचाराने सुधारतं. लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलच्या २०२४ च्या कमिशनने तर सांगितलंय की जगातली साधारण ४५ टक्के डिमेन्शियाची प्रकरणं ज्या १४ गोष्टींशी जोडलेली आहेत त्या बदलता येण्यासारख्या आहेत, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, बहिरेपण, नजर, सिगारेट, डोक्याचा मार, एकटेपण, हवेचं प्रदूषण. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या धुराशेजारी राहणाऱ्या आपल्या शहराने ही यादी तर पाठच करायला पाहिजे. कानाचं मशीन लावून देणं आणि बीपी सांभाळणं ह्याला हेडसेट लागत नाही, पण 'काहीतरी सुरू झालंय' हे कळल्याशिवाय घरात ते कोणी मनावर घेत नाही.

रक्ताच्या टेस्ट येत आहेत मग हेडसेट कशाला, असंही कोणी म्हणेल. टाऊ आणि ॲमिलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं दुसरं प्रोटीन) मोजणाऱ्या रक्ताच्या एका टेस्टला अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण रक्त सांगतं की मेंदूत कचरा जमतोय, त्याने काम बिघडलं की नाही ते सांगत नाही. ॲमिलॉइड घेऊन शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेली माणसं पण असतात. काम बिघडतंय का हे बघायला माणसाला काहीतरी करायलाच लावावं लागतं. मला वाटतं पुढे ह्या दोन्ही टेस्ट एकमेकींच्या सोबतीने चालतील.

तर करायचं काय. मिहानमध्ये एम्स आहे, मेडिकल आणि मेयो आहेत, व्हीएनआयटीसारखं इंजिनिअरिंग कॉलेज शहराच्या मध्यात आहे, ह्या टेस्टची मराठी आवृत्ती आणि इथल्या लोकांचे स्वतःचे आकडे तयार करायला ह्याहून जास्त काय लागतं. हेडसेट आज गेम खेळणारी पोरं विकत घेतात, महाग आहे ते माणसाचं काम. आणि ते आकडे फक्त शहरातल्या पेन्शनरांवर बनवू नका. उमरेड, रामटेक, काटोल, भिवापूरकडच्या बायका, ऑटोवाले, महालातले दुकानदार, गोंडी बोलणारे लोक, शाळेत गेलेले न गेलेले, सगळे त्यात पाहिजेत. त्यांना बसभाडं द्या, जेवण द्या, आणि ज्यांची टेस्ट बिघडलेली निघेल त्यांच्या पुढच्या तपासण्या फुकट करून द्या, नाहीतर ते आपल्या संशोधनासाठी वापरलेले लोक होतील. टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे नंबर आहेत, चांगलं आहे, पण निदान झाल्यावर घरच्यांना बसवून समजावून सांगणारा माणूस त्याच ओपीडीत, त्याच दिवशी भेटला पाहिजे.

ह्या सगळ्याला वेळ लागेल. तोवर ह्या संशोधनातून जे कळलं ते आजच वापरता येतं. नागपुरात २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली, फ्लायओव्हर झाले, सिमेंट रोडसाठी रस्ते बंद होतात, वन-वे बदलतात, त्यामुळे नव्या पुलाखाली एखादा टर्न आपण सगळेच चुकतो, त्याने घाबरायचं काहीच कारण नाही. बघायचं ते हे, की माणूस चुकल्यावर सावरतो का, एक-दोनदा गेल्यावर नवा रस्ता शिकतो का, नातेवाइकाच्या नव्या फ्लॅटमध्ये रात्री बाथरूममधून परत खोलीत येता येतं का, आणि हे सगळं मागच्या वर्षी जमायचं आणि आता जमत नाही असं झालंय का. ओपीडीच्या केसपेपरवर बीपी आणि शुगरच्या खाली ही एक ओळ छापायला काही खर्च येत नाही: वर्षभरात रस्ता चुकू लागले आहेत का, नवीन जागी गोंधळतात का. आणि हे पेशंटला विचारून झालं की सोबत आलेल्या माणसाला बाजूला घेऊन परत विचारायचं, कारण पेशंट बहुतेक वेळा नाही म्हणतो.